एक नाक, दोन बिलं

दिव्याहून सकाळची लोकल पकडताना नाकावर कुणाचं तरी कोपर बसणं ही बातमी नसते. आत शिरणाऱ्यांचा रेटा, बाहेर पडणाऱ्यांचा रेटा, मध्येच कुणाच्या तरी पाठीवरची बॅग आणि दारातला तो खांब. रक्त आलं तर रुमाल लावायचा, ठाण्यापर्यंत थांबतं का बघायचं आणि कामावर जायचं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर, दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, माणसं दगावली, तेव्हा या मार्गावरच्या गर्दीकडे देशाचं लक्ष गेलं. रोजच्या रेटारेटीत फुटणाऱ्या नाकांची मात्र नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

ही नोंद नसणं दोन-तीन वर्षांनी महागात पडतं. मोठ्या माणसाचं नाकाचं हाड मोडलं तर ते साध्या पद्धतीने जागेवर बसवायला साधारण एक ते दोन आठवड्यांची मुदत असते. त्यानंतर ते वाकडंच जुळतं. नाकाच्या मधल्या पडद्यात रक्त साकळलं, तर वेळ त्याहूनही कमी. ते वेळेत काढलं नाही, तर कूर्चेचं पोषण तुटतं, ती झिजते आणि नाकाचा मधला भाग खोगिरासारखा खचतो. सूज उतरली म्हणून माणूस विसरून जातो. पुढे एक नाकपुडी कायमची बंद वाटायला लागते, रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घरचे घोरण्याची तक्रार करतात, सकाळी घसा कोरडा पडलेला असतो. ओळखीतलं कुणी तरी ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं निदान करून टाकतं. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेल्यावर कळतं की पडदा वाकडा आहे, वरचं हाड सरकलेलं आहे, आणि दोन्ही एकाच शस्त्रक्रियेत सरळ केलेलं बरं. या जोड शस्त्रक्रियेला सेप्टोऱ्हायनोप्लास्टी म्हणतात.

इथवर गोष्ट वैद्यकाची असते. कॅशलेससाठी कागद गेले की ती विम्याची होते. एकट्या पडद्याची शस्त्रक्रिया, म्हणजे सेप्टोप्लास्टी, बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींमध्ये ठरावीक प्रतीक्षा कालावधीनंतर मिळते. पण अर्जावर ‘ऱ्हायनोप्लास्टी’ हा शब्द दिसला की कॉस्मेटिक सर्जरी म्हणून क्लेमवर फुली पडण्याची शक्यता उभी राहते. फुली पडते ती बहुधा सगळ्या बिलावर. श्वासासाठीचा जो भाग एरवी निमूट मंजूर झाला असता, तोही दिसण्याच्या भागासोबत बुडतो. हा न्याय नाही. हे बदलायला विमा कायद्यात उलथापालथ करण्याचीही गरज नाही.

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे हैदराबादच्या आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातले अपवाद सर्व कंपन्यांसाठी एकसारख्या शब्दांत बांधून दिले. त्यातलं आठव्या क्रमांकाचं कलम कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचं. रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च मिळणार नाही, असं ते सांगतं. सूट दोन प्रकारची. अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतर केलेली पुनर्रचना ही पहिली. दुसरी सूट विमाधारकाच्या प्रकृतीला असलेला थेट आणि तात्काळ धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेल्या उपचाराची, आणि ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केलेली हवी.

कागदावर हे कलम बरं वाटतं. नाकापाशी आलं की अडतं.

अपघाताची सूट मिळवायला अपघाताचा पुरावा लागतो, आणि लोकलच्या दारात बसलेल्या कोपराचा केसपेपर कुणी काढलेला नसतो. ‘थेट आणि तात्काळ’ या अटीचं तर विचारूच नये. बंद नाकाने माणूस आज रात्री मरत नाही. तो वर्षानुवर्षं अर्धवट झोपतो, दिवसभर पेंगतो आणि तरीही ८.१० ची गाडी पकडतो. धोका थेट आहे, तात्काळ नाही. आणि सगळ्यात मोठी उणीव अशी की एकाच शस्त्रक्रियेत दोन्ही हेतू असतील तर काय करायचं, याबद्दल हे कलम अवाक्षर काढत नाही. ती पोकळी मग कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे टीपीएच्या, टेबलावर बसलेला माणूस आपल्या अंदाजाने भरतो.

नाकाची रचनाच अशी आहे की आतलं आणि बाहेरचं वेगळं काढता येत नाही. मधला पडदा हा नाकाचा आधारही आहे. तो पुढच्या टोकाला किंवा वरच्या कडेला वाकला असेल तर बाहेरून नाक तिरकं दिसतं, आणि बाहेरचा तिरकेपणा तसाच ठेवून आतला पडदा पुरता सरळ होत नाही. नाकपुडीच्या किंचित वर हवेच्या वाटेतला सर्वांत अरुंद भाग असतो. तिथे पडदा आणि वरची कूर्चा यांच्यातला कोन जेमतेम दहा ते पंधरा अंशांचा. हा भाग खचला की पडदा सरळ असूनही श्वास अडतो. तो उघडा ठेवण्यासाठी सर्जन कूर्चेच्या पातळ पट्ट्या दोन्ही बाजूंना बसवतात. त्या बसल्या की नाकाचा मधला भाग थोडा रुंद दिसतो. म्हणजे केवळ श्वासासाठी केलेल्या कामानेही रूप बदलतं. उलट, नाकावरचा उंचवटा फक्त दिसण्यासाठी तासला आणि आतला आधार पुन्हा बांधला नाही, तर पुढे श्वास कोंडू शकतो.

दोन्ही कामं वेगवेगळ्या वेळी करावीत, हा सल्लाही वरवरचा आहे. नाकाच्या बांधणीसाठी लागणारी उत्तम कूर्चा पडद्यातूनच मिळते. पहिल्या शस्त्रक्रियेत ती काढून टाकली, तर दुसऱ्या वेळी कानातून किंवा बरगडीतून घ्यावी लागते. दोनदा भूल, दोनदा व्रणाची ऊती, दोनदा गर्दीपासून दूर राहणं. कंत्राटी नोकरीवर असलेल्या माणसाच्या हिशेबात दोनदा बिनपगारी रजाही येते. डॉक्टर जोड शस्त्रक्रिया सुचवतात तेव्हा त्यामागे ही कारणं असतात.

गंमत अशी की नेमकी हीच रेषा आखायची वेळ सरकारच्या दुसऱ्या खात्यावर आली, तेव्हा त्याने ती अधिक शहाणपणाने आखली. जीएसटी लागू होताना, २८ जून २०१७ च्या अधिसूचनेत आरोग्यसेवा करमुक्त ठेवल्या गेल्या. केशरोपण, कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी मात्र त्यातून वगळल्या. पण पुढे लगेच म्हटलं की जन्मजात दोष, वाढीतली विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीराची रचना वा कार्य पूर्ववत करण्यासाठी केलेली सर्जरी करमुक्तच राहील. इथे ‘तात्काळ’ची अट नाही. कार्य बिघडलं आहे का आणि ते पूर्ववत होतंय का, एवढाच प्रश्न.

आता एकाच रुग्णालयाचं एकच बिल समोर ठेवावं. रुग्णालय म्हणतं, ही इजेनंतरची पुनर्रचना आहे, म्हणून जीएसटी लावत नाही. कर खात्याच्या दृष्टीने ते योग्य. तेच बिल विमा कंपनीकडे जातं आणि कंपनी म्हणते, ही रूप बदलण्याची शस्त्रक्रिया आहे, पैसे मिळणार नाहीत. एकाच देशात, एकाच नाकाबद्दल, दोन मापं.

जन्मजात दोषाच्या व्याख्येत तर हे नाक अक्षरशः दुभागतं. शरीराच्या उघड दिसणाऱ्या भागावर असलेला जन्मजात दोष विम्याच्या भाषेत ‘बाह्य’, न दिसणारा तो ‘अंतर्गत’. अनेक पॉलिसी बाह्य जन्मजात दोषांवरचा उपचार देत नाहीत. पडदा जन्मतः वाकडा असेल तर तो अंतर्गत, आणि त्याच पडद्यामुळे वाकलेला नाकाचा दांडा बाह्य. फाटलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांची नाकं मोठेपणी सुधारावी लागतात, तेव्हा त्यांच्या आईबापांना याच व्याख्येशी झुंजावं लागतं.

ज्या महाराष्ट्रात हा वाद चालू आहे, त्याच महाराष्ट्राने आधुनिक जगाला नाक बांधण्याची विद्या दाखवली. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकायला होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळावरच्या त्वचेतून नवं नाक बसवलं. अशी शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातल्या क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी पाहिली आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजीच्या चित्रासह तिचं वर्णन छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने तयारी केली, १८१४ मध्ये लंडनमध्ये हीच पद्धत वापरली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. सुश्रुताची परंपरा युरोपच्या शस्त्रक्रियागृहात शिरली ती पुण्याच्या या वाटेने.

कावसजीला नवं नाक हवं होतं ते चारचौघांत वावरण्यासाठी. त्याला नटण्याचा शौक होता, असं कुणी म्हणणार नाही. तो ईस्ट इंडिया कंपनीचा पेन्शनर झाला. आजची मेडिक्लेम पॉलिसी त्याच्या हातात असती, तर कॉस्मेटिकच्या कलमाच्या आधी युद्धाच्या अपवादानेच त्याचा क्लेम उडाला असता.

विमा कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे, असं मात्र नाही. बहुतेक प्रौढांचा पडदा थोडाफार वाकडा असतोच. सीटी स्कॅनमध्ये तो वाकडा दिसला म्हणून त्रास त्याच्यामुळेच आहे, असं सिद्ध होत नाही. दिवा-शीळ भागातल्या धुळीने आणि धुराने चोंदणारं नाक ॲलर्जीचं असू शकतं, आणि ॲलर्जी चाकूने बरी होत नाही. शिवाय लग्नाआधी नाक चाफेकळी करून घ्यायचं आणि कागदावर ‘पडदा वाकडा’ एवढंच लिहायचं, ही पळवाट कंपन्यांना चांगलीच ठाऊक आहे. त्या पळवाटेचा खर्च शेवटी इतर विमाधारकांच्या हप्त्यांतून जातो. तेव्हा त्यांनी शंका घेणं रास्त आहे.

पण या पळवाटेला खतपाणी घालतो तो ‘सगळं किंवा काहीच नाही’ हाच नियम. एखादी तरुणी डॉक्टरला प्रामाणिकपणे म्हणाली की श्वास तर नीट व्हावाच, शिवाय नाकावरचा तो बाकही जावा, त्याचे पैसे मी भरेन, तर तिचा अख्खा क्लेम धोक्यात येतो. जी हे बोलत नाही आणि जिचे डॉक्टरही लिहीत नाहीत, तिचा क्लेम पास होतो. खरं बोलणाऱ्याला दंड आणि लपवणाऱ्याला पैसे, अशी ही रचना. लपवलेलं उघडकीला आलं तर फसवणुकीचं कलम लागतं आणि मग त्या एका शस्त्रक्रियेपुरतं नव्हे, पॉलिसीवरच पाणी सोडावं लागतं.

शंका फेडायची साधनं वैद्यकाकडे आहेत. दुर्बिणीतून केलेली नाकाची तपासणी, चारही बाजूंनी काढलेले फोटो, काही आठवडे स्प्रे वापरूनही त्रास गेला नाही याची नोंद, गाल बाजूला ओढल्यावर श्वास मोकळा होतो का हे पाहणारी साधी कॉटल चाचणी. २००४ मध्ये अमेरिकेत तयार झालेली पाच प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते; नाक चोंदण्याचा त्रास ती शून्य ते शंभर अशा गुणांत मोजते. एवढं सगळं समोर असताना ‘ऱ्हायनोप्लास्टी’ या एका शब्दावर निकाल देण्याचं कारण उरत नाही.

अमेरिकेत विमा कंपन्या काही कमी चिकट नाहीत. तरी तिथे जोड शस्त्रक्रियेचं बिल विभागण्याची पद्धत रुळलेली आहे. श्वासाच्या भागाला विमा कंपनीची पूर्वमंजुरी घ्यायची, आणि दिसण्याच्या भागाची सर्जनची फी व त्यापायी लागणारा शस्त्रक्रियागृहाचा जादा वेळ रुग्णाने आधीच भरायचा. ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेनेही १ जुलै २०२० पासून रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात होणाऱ्या ऱ्हायनोप्लास्टीला पूर्वमंजुरी सक्तीची केली. सरसकट नकार देण्याऐवजी आधी कागद बघायचे, हा तिथला मार्ग.

त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. आयुष्मान भारतच्या उपचारयादीत कार्य सुधारण्यासाठीची सेप्टोऱ्हायनोप्लास्टी स्वतंत्र नावाने आहे, आणि त्याच योजनेत निव्वळ सौंदर्यासाठीचे उपचार वर्ज्यही आहेत. म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी योजनेला जो फरक करता येतो, तो पदरचे हप्ते भरणाऱ्या मध्यमवर्गीयाच्या पॉलिसीला करता येत नाही. महाराष्ट्राने २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं आणि ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली केली. दिव्यातल्या अनेक घरांत आज एकीकडे या योजनेचं कार्ड आणि दुसरीकडे कंपनीची ग्रुप मेडिक्लेम, असं दुहेरी छत्र असतं. नेमक्या आपल्या शस्त्रक्रियेला कोणतं लागू पडतं, हे अॅडमिट होण्याआधी दोन्हीकडे विचारून घेण्यात शहाणपण आहे.

बिल विभागायचं कसं, हा प्रश्न अवघड वाटतो. तत्त्व मात्र सोपं आहे. त्याच रुग्णालयात, त्याच खोलीत, फक्त श्वासासाठीची शस्त्रक्रिया झाली असती तर जेवढा खर्च आला असता, तेवढा कंपनीचा. त्यावरचा प्रत्येक रुपया रुग्णाचा. समजा, करापूर्वीचं एकूण बिल दीड लाख झालं आणि एकट्या सेप्टोप्लास्टीचा त्या रुग्णालयाशी ठरलेला दर ८० हजार आहे. तर कंपनीने ८० हजार द्यावेत. उरलेले ७० हजार रुग्णाने, आणि ते निव्वळ सौंदर्याचे असल्याने त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२,६०० रुपये, हेही त्यानेच. कंपनीचं यात काही जात नाही. नुसती सेप्टोप्लास्टी झाली असती तरी तिला तेवढेच द्यावे लागले असते. मात्र खचलेली हवेची वाट उघडण्यासाठी केलेलं काम बाहेरून दिसतं म्हणून ते सौंदर्याच्या खात्यात ढकलायचं नाही, एवढं पथ्य हवं.

यासाठी आयआरडीएआयने तीन गोष्टी कराव्यात. आठव्या कलमातला ‘थेट आणि तात्काळ धोका’ काढून तिथे कर कायद्यासारखा ‘बिघडलेलं कार्य किंवा रचना पूर्ववत करणं’ हा निकष आणावा. जोड शस्त्रक्रियेत श्वासाच्या भागाचा खर्च वेगळा काढून देणं बंधनकारक करावं. आणि पूर्वमंजुरीच्या अर्जात या दोन भागांसाठी दोन रकाने ठेवावेत, म्हणजे खरं लिहिणाऱ्या डॉक्टरची आणि रुग्णाची कोंडी होणार नाही.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे नियामकाला कळतं, याचा पुरावा २९ मे २०२४ च्या परिपत्रकात आहे. कॅशलेसचा निर्णय तासाभरात, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत, उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते कंपनीच्या भागधारकांच्या निधीतून. क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या आढावा समितीची संमती हवी आणि पॉलिसीतल्या नेमक्या कोणत्या अटीखाली नाकारला, हे लेखी द्यायला हवं. विमा लोकपालांचा निवाडा ३० दिवसांत पाळला नाही, तर कंपनीने तक्रारदाराला दिवसाला पाच हजार रुपये मोजायचे. घड्याळ लावून देणाऱ्या या नियामकाने आता मोजपट्टीही द्यावी.

ती मिळेपर्यंत कागदच उपयोगी पडतात. मार लागला त्या दिवशीच कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, कल्याणच्या रुक्मिणीबाईत, डोंबिवलीच्या शास्त्रीनगरला किंवा जवळच्या दवाखान्यात नाक दाखवून केसपेपर घ्यावा. त्यावर ‘लोकलमध्ये मार लागला’ हे शब्द आणि तारीख असावी. एक्स-रे जपून ठेवावा. हा कागद दुहेरी कामाचा आहे, कारण नाक आणि सायनसच्या आजारांना लागणारा, अनेक पॉलिसींत दोन वर्षांचा असलेला, प्रतीक्षा कालावधी अपघातातून आलेल्या क्लेमला लागू होत नाही. शस्त्रक्रिया ठरली की सर्जनकडून पत्र घ्यावं, त्यात श्वासासाठीचं काम आणि दिसण्यासाठीचं काम वेगळं लिहिलेलं असावं. रुग्णालयाकडून अंदाजपत्रकही दोन भागांत मागावं. खोलीभाड्याची मर्यादा बघूनच खोली निवडावी, नाही तर अनेक पॉलिसींत सगळंच बिल त्या प्रमाणात कापलं जातं.

तरीही नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर जाता येतं. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे तक्रार करता येते. तिथे फी नाही, वकिलाची गरज नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. त्यांचं एक कार्यालय आता ठाण्यात आहे, दिव्याहून तिसऱ्या स्टेशनवर. जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजाही खुला असतो.

मात्र लोकपालांचा निवाडा त्या एका तक्रारीपुरता असतो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचं नाक घेऊन आलेल्या अर्जावर टीपीए पुन्हा तेच आठवं कलम चिकटवू शकते, आणि त्या माणसाला सगळी पायपीट पहिल्यापासून करावी लागते. वाक्य बदलायचं आहे ते हैदराबादला. त्यासाठी संसदेचं अधिवेशन लागत नाही. २०१९ मध्ये ते वाक्य ज्या अधिकारात लिहिलं गेलं, त्याच अधिकारात एका परिपत्रकाने ते दुरुस्त करता येतं.